ओटीवरचा रेडिओ, हॉलमधला घुमारा

घर नवं बांधलं, सिस्टिम महागातली आणली आणि गाणं मात्र बिघडलं, ही तक्रार मी पेणला आणि रोह्याला इतक्या घरांतून ऐकली आहे की आता तो योगायोग वाटत नाही. दोष बहुतेक वेळा दुकानदाराला मिळतो. माझ्या मते त्या बिचाऱ्याचा फारसा संबंध नाही. आपल्याकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांत यंत्रं सुधारत गेली आणि खोल्या बिघडत गेल्या, इतकंच.

आधी जरा लांबची गोष्ट. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधल्या नव्या व्याख्यानगृहात कोणाचं बोलणंच कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. हा गृहस्थ रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, ती थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळी गाद्या परत नेऊन ठेवायचा! रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्याच्या अंगावर. खोली मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आवाज पिणाऱ्या वस्तू जास्त तितका लवकर विरतो, हे त्याने सूत्रात बसवलं. आणि आवाज पिण्याचं माप म्हणून काय घेतलं? उघडी खिडकी. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला आपली जुनी ओटीच डोळ्यांपुढे आली. एक बाजू जवळजवळ सगळी उघडी, म्हणजे सबाइनच्या हिशेबात ती एक भली मोठी खिडकीच. मातीच्या खडबडीत भिंती, सारवलेली जमीन, वर कौलं आणि त्यांच्या फटी. कोपऱ्यात गोधड्यांची चळत, झोपाळ्यावर आणि खाली दाटीवाटीने माणसं (माणूसही आवाज पितो, कपड्यांसकट!). फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरलेला व्हॉल्व्हचा रेडिओ. १ एप्रिल १९५५ पासून पुढे वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची ५६ गाणी लागली, ती पुष्कळांनी अशी दुसऱ्याच्या ओटीवर बसून ऐकली. त्या रेडिओत खर्ज जवळपास नव्हताच. मीडियम वेव्ह, एकच स्पीकर. पण शब्द न् शब्द कळायचा.

उगाच गहिवरायला नको. पावसाळ्यात कौलांवर सर कोसळली की रेडिओ असून नसल्यासारखा. आणि घरातलं भांडणही त्याच उघड्या बाजूने आळीभर जायचं.

पुढे धाटावला एमआयडीसी आली, १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, हातात पगार आले. कौलं गेली, स्लॅब आला. मग गुळगुळीत टाइल्स, पीओपीचं छत, डासांपायी सदा बंद असलेल्या सरकत्या काचा. बारा बाय पंधराचा, दहा फूट उंचीचा रिकामा हॉल घेऊन सबाइनच्या सूत्राने हिशेब करा, आवाज तीन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. गाणं ऐकायला अर्धा सेकंद पुष्कळ झाला. सोफा, पडदे आले की आकडा खाली येतो, पण ओटीची सर येत नाही.

आणि नेमक्या अशा खोलीत आपण सबवूफर आणून ठेवला, तोही कोपऱ्यात! समोरासमोरच्या भिंतींमध्ये खर्जाचे काही ठरावीक सूर अडकून फुगतात. दहा बाय दहाची खोली आणि उंचीही दहा फूट असेल तर तिन्ही दिशांचा पहिला सूर एकच येतो, ५६ हर्ट्झच्या आसपास. मग दर ठोक्याला डग्गा नाही, खोलीच वाजते.

याच्या उलट पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. आषाढात रात्री उशिरापर्यंत रंगकाम चालतं, कोपऱ्यात साधा रेडिओ. भिंती उघड्या, खाली कोबा, तरी आवाज गोड. कारण मांडणीवर खालपासून वरपर्यंत मूर्ती. सोंडा, कान, हात यांवर आपटून आवाज दाही दिशांना विखुरतो. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७५ साली गणिताने आखलेले उंचसखल पृष्ठभाग हेच करण्यासाठी सुचवले. चतुर्थीनंतर शेड रिकामी झाली की तोच रेडिओ डब्यात वाजल्यासारखा वाटतो.

हे सगळं मी मनावर घेतलं ते रोह्याच्या मामांमुळे. नव्या हॉलमध्ये त्यांना गाण्यातलं काही कळेना. "सूर कळतो रे, शब्द कळत नाही," म्हणायचे. घरात ठरलं, मामांचे कान गेले. कानाला यंत्र लावलं, पण ते गाण्याबरोबर घुमाराही मोठा करतं. हळूहळू त्यांनी गाणं लावणंच सोडलं. मग एकदा अंगणात छोट्या ट्रान्झिस्टरवर गाणं लागलं होतं, तर मामा शब्दांसकट गुणगुणत होते!

मामेभावाने आणि मी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढला, खाली जाड सतरंजी घातली, कपाटाची दारं काढून पुस्तकं उघडी केली आणि समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या. मामा ऐकायला लागले. मामींना मात्र हॉलमध्ये गोधड्या म्हणजे लाज वाटते. त्यामुळे पाहुणे येणार असले की त्या खाली उतरतात, आणि पाहुणे फाटकापर्यंत पोचायच्या आत मामा स्वतः स्टूल ओढून त्या परत टांगतात.