हिरव्या पानातला लाल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चाकूरच्या घरामागं मेंदीचं कुंपण होतं. मोहल्ल्यात लग्न निघालं की आदल्या दिवशी बाया यायच्या, ओटीभर पाला ओरबाडायच्या आणि आमच्याच पाट्यावर वाटत बसायच्या. अम्मी त्यात चिंचेचं पाणी घालायची. पाला हिरवा, वाटणही हिरवं. वाटणारीचे हात मात्र लाल. हा लाल कुठून आला, असं विचारलं की अम्मी म्हणायची, "पाट्याला विचार."

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४७ साली मेंदीचा इतिहास लिहिला. इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन १८५० पर्यंतचा. लढाया आणि तहनामे बाजूला ठेवून एका झुडपाच्या मागं एवढी वर्षं चालत जाणाऱ्या या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. गोडे १८५० ला थांबले. रसायनवाल्यांची गोष्ट साधारण तिथूनच पुढं सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात पानांच्या अर्कात टॅनिन सापडलं आणि रंग त्याचाच, असं समजलं गेलं. त्याला 'हेनोटॅनिक आम्ल' असं नावही मिळालं. बाभळीच्या सालीतल्या टॅनिननं कातडं कमावलं जातं, रंगतं. तसंच हेही असेल, हा तर्क काही वावगा नव्हता. पण तो चुकला. १९२० मध्ये इटलीच्या टोमासी यांनी खऱ्या रंगद्रव्याची ओळख प्रसिद्ध केली. लिनियसनं १७५३ साली या झुडपाला 'लॉसोनिया' म्हटलं होतं, त्यावरून द्रव्याचं नाव झालं लॉसोन. कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. अक्रोडाच्या झाडातल्या जुग्लोनमध्येही नेमके एवढेच अणू असतात, फक्त एका ऑक्सिजनची जागा वेगळी. एक शब्द इकडचा तिकडं केला की शेर बदलतो, हे मला ठाऊक होतं. अणूंचंही तसंच निघालं.

आणि लॉसोन पानात तयार बसलेलं नसतं, ही खरी गंमत. तिथं त्याचं पूर्वरूप साखरेला जखडलेलं असतं. पान चिरडलं की पानातलाच एक पाचक पदार्थ ती साखर तोडतो, हवेतला ऑक्सिजन पुढचं काम करतो आणि लॉसोन मोकळं होतं. मग ते कातडीतल्या, नखांतल्या केराटिनला चिकटतं. वाळलेल्या पाल्यात त्याचं प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे अम्मीचं उत्तर अगदीच टोलवाटोलवीचं नव्हतं. आंबट पाण्यालाही अर्थ होता.

हेच लॉसोन तेरड्यातही सापडतं. आपण मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून त्याला बदनाम करून ठेवलंय.

पुढं याच पानांत ल्युटिओलिन, एपिजेनिन, गॅलिक आम्ल अशी पुष्कळ संयुगं ओळखली गेली. पुणे विद्यापीठात सुभाष पाध्ये, सुनीता साळुंके-गवळी यांनी लॉसोनपासून बनणाऱ्या संयुगांवर काम केलं. ओळखण्याची एक साधी रीत सांगतो. थर दिलेल्या काचपट्टीवर अर्काचा ठिपका ठेवायचा, शेजारी शुद्ध लॉसोनचा. पट्टीचं टोक द्रावकात बुडवायचं. द्रावक वर चढताना प्रत्येक घटकाला आपापल्या वेगानं नेतो. दोन ठिपके एकाच उंचीवर थांबले, की बहुधा ओळख पटली. मग पुढच्या यंत्रांवर खात्री करून घ्यायची.

या ठिपक्यांशी माझा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण भाचीच्या लग्नात बाजारातून 'काळी मेंदी'चे कोन आले. तासाभरात हात काळेभोर. चौथ्या दिवशी नक्षीबरहुकूम फोड उठले. कोनावर घटकांची यादीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, यात केसांच्या कलपातलं पॅरा-फेनिलीनडायअमिन असणार. नुसती मेंदी असं काळं करत नाही. एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढं साधा कलपही सोसत नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा पाचक पदार्थ जन्मतःच कमी असतो. अशा बाळाच्या तळव्यांना अस्सल मेंदी लावली, तरी लॉसोन कातडीतून आत जाऊन तांबड्या पेशी फोडू शकतं.

भाचीला मुलगी झाली तेव्हा चाळिसाव्याला सगळ्यांनी हात रंगवले, बाळाचे तेवढे कोरे ठेवले. पाला मात्र शेजारच्या गावातल्या मळ्यातून आणावा लागला. आमचं कुंपण रस्तारुंदीत गेलं.