काळी माती आणि कोळशाच्या मालगाड्या

चिमूर गावाला रेल्वे नाही. मुख्य मार्गावरील गाडी पकडायची तर वरोरा गाठावे लागते. वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर हा पट्टा दिल्ली-चेन्नई लोहमार्गाचा, तसाच वर्धा खोऱ्यातील कोळशाचा. काळी रेगूर मातीही इथलीच, आणि लोहमार्गाच्या पायाला तिच्याइतकी अवघड माती क्वचितच सापडते.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला हा गुण मानवतो, रुळांना नाही.

मालगाडीच्या एका आसाचा भार अनेक मार्गांवर २२.९ टनांपर्यंत असतो. म्हणजे चार आसांची भरलेली वाघीण सुमारे ९१ टनांची, आणि अशा ५८ वाघिणींची गाडी पाच हजार टनांहून जड. रूळ व स्लीपर हा भार खडीवर पसरवितात, खडी तो मातीवर टाकते. माती ओली असेल आणि पाण्याला वाट नसेल, तर प्रत्येक आसाच्या दाबाने तिची राबडी होऊन खडीच्या फटींतून वर येते. खडी खाली रुतते, खळगा पडतो, खळग्यात पुन्हा पाणी साचते. मग टॅम्पिंग यंत्राने खडी ठोकून पातळी साधायची, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच! दुखणे मातीत असताना वरून खडी ओतत राहणे हा उपचार नव्हे. तोवर गाड्यांची गती उतरवावी लागते व मागच्या गाड्या खोळंबतात; वीज केंद्रांचा कोळसाही त्यांतच असतो.

खरा उपाय पाण्यापासून सुरू होतो. बाजूची गटारे व मोऱ्या पावसाआधी मोकळ्या हव्यात. हे काम स्वस्त, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. दुसरा उपाय ‘ब्लँकेट’चा : खडीखाली, भरावाच्या माथ्यावर, योग्य प्रतवारीच्या दाणेदार साहित्याचा दाबून बसविलेला थर. तो भार पसरवितो आणि चिखल वर येऊ देत नाही. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची जाडी मातीच्या प्रतीनुसार ठरविली. चिकण मातीवर ती एक मीटरपर्यंत जाते. चुना मिसळल्यानेही मातीचा फुगीरपणा घटतो. मात्र चालू मार्गावर हे सारे करायचे तर वाहतूक थांबवावी लागते, आणि कोळशाच्या मार्गावर तेवढी उसंत सहसा मिळत नाही.

म्हणून नवा मार्ग घालतानाची संधी मोलाची. चिमूरच्या शेजारच्या नागभीडहून नागपूरला जाणारा ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग रूपांतरासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला. त्यावरील हलक्या गाड्यांना पुरलेला भराव १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवरील मालगाड्यांना पुरणारा नव्हे. तो रुंद करताना जुन्या उतारावर पायऱ्या कापून नवी माती थराथराने दाबावी लागते, नाहीतर दोन्हींच्या सांध्यावरच भराव घसरतो.