गर्भवतींचे कोविड लसीकरण : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गरोदरपणातील लस परभणी जिल्ह्यातील स्त्रियांना अपरिचित नव्हती. धनुर्वाताचे इंजेक्शन हा येथील बाळंतपणाचा अनेक दशकांचा नेमाचा भाग आहे. लस आईच्या दंडावर द्यावयाची आणि संरक्षण नवजात बालकाला मिळवावयाचे, हे तत्त्व जिंतूर-पालमच्या वाडीवस्तीवर रुजलेले होते. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले, त्यामागे सुरक्षित प्रसूतीबरोबर हे इंजेक्शनही होते. मग २०२१ मध्ये कोविड लसीच्या रांगेत हीच स्त्री मागे का राहिली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ती मागे राहिली नाही, तर मागे ठेवली गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. लसींच्या मुख्य चाचण्यांतून गर्भवतींना वगळलेले असल्याने पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणून लसही नव्हती. ब्रिटनच्या लसीकरण सल्लागार समितीने १६ एप्रिल रोजी गर्भवतींना लस देण्याची शिफारस केली. भारतात स्तनदा मातांना मे महिन्यात व गर्भवतींना २ जुलै रोजी अनुमती मिळाली. प्रारंभापासून हे अंतर १६७ दिवसांचे होते. दुसरी लाट याच काळात येऊन गेली. तिची किंमत मुंबईतील ‘प्रेगकोविड’ नोंदणीच्या अभ्यासात दिसते. त्यातील १५३० गर्भवती व प्रसूत स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के होते.

अनुमतीनंतरही अडचण संपली नाही. सहा महिने ‘गरोदर बाईला लस नको’ असे सांगणारी यंत्रणा आता ‘घ्या’ म्हणू लागली. सासूबाईंना शंका आली असेल, तर तिला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी अडचण पंचांगाची होती. कोविशिल्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचे अंतर होते. म्हणजे सातव्या महिन्यात पहिली मात्रा घेणाऱ्या स्त्रीची दुसरी मात्रा बहुधा प्रसूतीनंतरच येणार. ऑगस्टमध्ये पहिली मात्रा घेतली, तर दुसरी नोव्हेंबरात. आणि गंगाखेड-पालम भागातील ऊसतोड टोळ्या मुकादमाची उचल फेडण्यासाठी गाव सोडतात, तोही हाच हंगाम. जिल्ह्याच्या लसीकरणाचा इतिहास कारखान्याच्या तळावरील कोपीपर्यंत न्यावा लागतो, तो यासाठी.

राज्य शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये राबविलेल्या विशेष मोहिमेचे नाव ‘मिशन कवच कुंडल’ होते. नाव देणाऱ्यांच्या मनात गर्भवती होती की नाही, कोण जाणे. परंतु कवचकुंडले जन्मतःच घेऊन आलेला कर्ण येथे अधिक समर्पक आहे. आईच्या शरीरातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी दोन मात्रा घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांखालील बालकांना कोविडमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून ६१ टक्के संरक्षण आढळले. मात्र तो एमआरएनए लसींचा अभ्यास होता. परभणीत मुख्यतः कोविशिल्ड व कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, म्हणून तो आकडा येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

जिल्ह्याचे स्वतःचे उत्तर माता-बाल संरक्षण कार्डे, प्रसूती नोंदवह्या आणि आशा कार्यकर्तींच्या दैनंदिन्या यांतून शोधावे लागेल. त्या वेळी जन्मलेली मुले आता शाळेच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या आयांची कार्डे अजून घरोघरी असतील, कित्येकींची पत्र्याच्या पेटीत, टोळीबरोबर फिरणारी.