मेंदूच्या सीमेवरील पेशी

रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसराचा पहिला पुरावा आणि अल्झायमर या विस्मृतीच्या आजाराचे पहिले वर्णन या दोन्ही गोष्टी जर्मन वैद्यकात सुमारे वीस वर्षांच्या अंतराने पुढे आल्या. तरीही रोगप्रतिकारक पेशी हा अडसर ओलांडून या आजाराने ग्रासलेल्या मेंदूत शिरतात का, हा प्रश्न गांभीर्याने विचारला जाईपर्यंत विसावे शतक सरत आले होते.

1885 साली पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या शरीरात रंगद्रव्ये टोचली, तेव्हा बहुतेक सर्व अवयव रंगले, पण मेंदू आणि मेरुरज्जू कोरे राहिले. मज्जाऊतींना या रंगांचे आकर्षण नसावे, असा अर्थ एर्लिख यांनी लावला. परंतु त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये ट्रिपॅन ब्लू हे रंगद्रव्य मेंदूभोवतीच्या मेरुद्रवात सोडले असता मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर कोरे राहिले, तेव्हा अडवणूक रक्त व मेंदू यांच्या सीमेवरच होते हे दिसून आले. जिनिव्हात काम करणाऱ्या लीना स्टर्न यांनी 1921 मध्ये या सीमेला ‘रक्त-मेंदू अडसर’ या अर्थाचे नाव दिले आणि हा अडसर मेंदूचे रक्षण करतो तसेच त्याच्या अंतर्गत वातावरणाचे नियमनही करतो, अशी मांडणी केली. पुढे मॉस्कोत स्थायिक झालेल्या या विदुषीला स्टालिनच्या राजवटीत 1949 साली अटक झाली; 1952 च्या खटल्यानंतर त्यांच्या 13 सहआरोपींना गोळ्या घालण्यात आल्या, तर स्टर्न यांना हद्दपारी भोगावी लागली. अडसराची प्रत्यक्ष रचना मात्र 1967 मध्ये दिसली: थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले की, मेंदूतील केशवाहिन्यांचे अस्तर बनवणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात आणि रक्तातील मोठे रेणू त्या सांध्यांपाशीच अडतात.

दरम्यान, नोव्हेंबर 1906 मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी ट्युबिंगेन येथील सभेत फ्रँकफर्टच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे निरीक्षण सादर केले. मज्जापेशींतील तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले पुंजके यांसाठी ते वर्णन प्रसिद्ध आहे. मात्र रक्तवाहिन्यांभोवती पेशींचा शिरकाव आढळत नाही, अशीही नोंद त्यात होती. ही नोंद महत्त्वाची होती, कारण उपदंशामुळे होणाऱ्या मेंदूविकारात रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची दाटी होते आणि त्या विकाराचे निदान हा अल्झायमर यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. तशी दाटी नाही, म्हणजे हा आजार वेगळा, हे त्यांचे अनुमान रास्त होते. तथापि तुरळक विखुरलेल्या पेशी ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते.

पीटर मेडावर यांच्या 1948 च्या प्रयोगांमुळे मेंदू प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेर आहे, ही समजूत बळावली. सशाच्या मेंदूत रोवलेली परकी त्वचा टिकून राहत असे. पण तीच त्वचा आधी त्या सशाच्या अंगावर रोवली असेल, तर मेंदूतील तुकडाही नाकारला जाई. प्रतिकारयंत्रणा एकदा जागृत झाली की मेंदूपर्यंत पोचते, असा या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग होता, आणि तोच दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

1980 च्या दशकाच्या अखेरीस, विशिष्ट पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साह्याने, पॅट्रिक मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अल्झायमरग्रस्त मेंदूंत टी-पेशी आढळल्या. टी-पेशी म्हणजे संसर्गित वा परक्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या सीमा कशी ओलांडतात, याचे उत्तर प्रामुख्याने मल्टिपल स्क्लेरोसिस या दुसऱ्या आजाराच्या अभ्यासातून मिळाले: पेशी प्रथम वाहिनीच्या अस्तरावरून घरंगळते, मग इंटिग्रिन नावाच्या पृष्ठभागावरील प्रथिनांनी घट्ट चिकटते आणि अखेर अस्तरातून पलीकडे सरकते. यांपैकी एक इंटिग्रिन रोखल्यास तत्सम आजार झालेल्या प्राण्यांच्या मेंदूतील शिरकाव थांबतो, हे 1992 मध्ये सिद्ध झाले. याच धाग्यावर पुढे जात 2015 मध्ये इटलीतील संशोधकांनी अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा शिरकाव रोखला, तेव्हा उंदरांची स्मृती सुधारली. तर 2023 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधनात, टाऊ या प्रथिनाचे गुंते झालेल्या उंदरांतून टी-पेशी काढून टाकल्यावर मेंदूची झीज कमी झाली.

उंदरांतील या यशावरून माणसांवरील उपचाराची घाई करणे मात्र इष्ट नाही. 1992 च्या शोधातून घडलेले नॅटालिझुमॅब हे औषध 2004 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी बाजारात आले आणि काही रुग्णांच्या मेंदूत एका सुप्त विषाणूने जीवघेणा संसर्ग केल्यामुळे 2005 मध्ये ते काही काळ मागे घ्यावे लागले, कारण मेंदूला इजा करणाऱ्या पेशींबरोबर त्याची राखण करणाऱ्या पेशीही बाहेरच अडल्या होत्या. म्हणूनच सीमा सरसकट बंद करण्याऐवजी कोणत्या पेशी, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी आत येतात हे जाणून घेणे, आणि स्टर्न यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेल्या नियमनाच्या कल्पनेला प्रतिकारक पेशींच्या संदर्भात पुन्हा केंद्रस्थानी आणणे, हेच या संशोधनाचे आजचे खरे कार्य आहे.