दंतवैद्याचा हातमोजा

दंतवैद्यकात आज सर्रास वापरला जाणारा पातळ रबरी हातमोजा जन्माला आला तो रुग्णाला जंतूंपासून वाचवण्यासाठी नव्हे, तर एका परिचारिकेची त्वचा वाचवण्यासाठी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहात हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने निर्जंतुक केले जात. हे पाऱ्याचे क्षार फार दाहक. तिथल्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांवर त्यामुळे इसब उठले. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. त्याच वर्षी, १८९० मध्ये, दोघांचा विवाह झाला. मोज्यांमुळे जखमा कमी चिघळतात हे हॉलस्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी पुढे १८९९ मध्ये दाखवून दिले.

दंतवैद्य मात्र त्यानंतरही कित्येक दशके उघड्या हातांनीच काम करत राहिले. लाळ आणि रक्त यांच्याशी रोजचा संबंध असूनही बोटांची स्पर्शजाणीव त्यांना अधिक मोलाची वाटे. हिपॅटायटिस-बीच्या धोक्याने ही सवय फारशी मोडली नाही. ती मोडली एड्सच्या भीतीने. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९८६ मध्ये दंतचिकित्सेसाठी संसर्ग-नियंत्रणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि मोजा दवाखान्याचा नित्याचा भाग झाला.

मोज्यांचा खप वाढला तसे त्यांचे उपद्रवही समोर आले. मोज्याखाली कोंडलेला घाम आणि वारंवार हात धुणे यांनी त्वचा कोरडी पडून भेगाळते. हा त्रास सर्वांत जास्त आढळतो. रबर पक्के करताना वापरलेल्या थायुरामसारख्या रसायनांमुळे एक-दोन दिवसांनी खाजरे इसब उठते. खरा धोका लॅटेक्समधल्या प्रथिनांचा. त्यांची ॲलर्जी असलेल्याला काही मिनिटांत पित्त उठते, दमा लागतो, क्वचित जिवावरही बेतते. अशा काही जणांना केळे, किवी आणि ॲव्होकाडोही सोसत नाहीत. मोजा सहज चढावा म्हणून आत भुरभुरलेली मक्याच्या पिठाची पूड ही प्रथिने हवेत पसरवी, त्यामुळे मोजा न घातलेल्यालाही बाधा होई. इतकी साधी पूड वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही अक्षम्य दिरंगाई होती. जर्मनीने १९९८ मध्ये पूड लावलेल्या लॅटेक्स मोज्यांवर बंदी घातली. अमेरिकेत पूडयुक्त वैद्यकीय मोज्यांवरची बंदी लागू व्हायला जानेवारी २०१७ उजाडले.

नायट्राइलच्या मोज्यांत लॅटेक्सची प्रथिने नसतात, म्हणून ते सर्वत्र रुळले. पण घाम त्यांतही कोंडतो, आणि पक्के करण्याची रसायने त्यांतल्या बहुतेकांत असतातच.