टोपणाखालचं लोणी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कंपनीने वर्षभरासाठी कॉव्हेन्ट्रीला धाडलंय म्हणून इथे एक जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली, ९०० पौंडांना. घर ते हापिस अंतर फक्त तीन किलोमीटर. (चालत जा की, म्हणणाऱ्यांनी एकदा इथला डिसेंबर बघावा!) एका शनिवारी काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं, सहज ऑइलचं टोपण फिरवलं आणि पोटात गोळाच आला. टोपणाच्या आत पिवळट पांढरं लोणी!

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी जावाची. नेहमीचीच कथा. पण ऑइलमध्ये पाणी शिरलं आणि इंजिनाने ते रवीसारखं घुसळलं की असं लोणी येतं, एवढं आठवत होतं. जवळच्या गॅरेजवाल्याने नुसतं टोपण बघितलं आणि निकाल दिला. "हेड गॅस्केट. ७०० पौंड. नाहीतर भंगारात घाल."

रात्री बाबांना फोन केला. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत.

"पाणी किती कमी झालं?"

"बघितलं नाही."

"मग कशाला रडतोस? आधी पाणी बघ."

तर पाणी बघायचं ठरलं. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. या भागात 'हेड गॅस्केट' हे शब्द एवढ्या पटकन तोंडात का येतात? माझ्या मते त्याचं उत्तर इथून तासाभराच्याही आत आहे, बर्मिंगहॅमच्या कडेला, लाँगब्रिजमध्ये. रोव्हरचा कारखाना तिथे होता आणि त्यांचं के-सिरीज इंजिनही.

१९८९ च्या रोव्हर २०० मध्ये हे इंजिन आलं तेव्हा ते खरंच भारी होतं. सगळं अ‍ॅल्युमिनियम. वरचं हेड, मधला ब्लॉक आणि खालची चौकट हे सगळं सँडविचसारखं एकावर एक ठेवून दहा लांबच लांब बोल्टांनी आवळलेलं. वजन कमी, आत फिरणारं पाणीही कमी, त्यामुळे इंजिन चटकन गरम होणार. हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. आग, ऑइल आणि पाणी या तिघांना त्याने एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं.

१.४ लिटरपर्यंत ठीक चाललं होतं. मग जास्त ताकद हवी झाली. सिलिंडरचा व्यास ७५ वरून ८० मिलिमीटर केला, आतल्या लायनरची रचना बदलली आणि १.८ लिटरचं इंजिन तयार झालं. १९९५ ची एमजी एफ, १९९६ ची लोटस एलिस, १९९७ ची लँड रोव्हर फ्रीलँडर. पहिल्या दोघींत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार पुढे. तिसरी वजनदार. आणि इथे ग्रहण लागलं.

थर्मोस्टॅट होता पाणी इंजिनात शिरण्याच्या बाजूला. तो उघडला की रेडिएटरमधलं गारेगार पाणी तापलेल्या इंजिनात घुसायचं. धातू आकुंचन-प्रसरण पावणार, हेड ब्लॉकवर केसभर सरकणार. त्यांना जागेवर धरणाऱ्या खुंट्या चक्क प्लास्टिकच्या होत्या! गॅस्केटवरची रबरासारखी कड सुटायची. मुळात पाणी कमी, त्यामुळे जरा गळलं तरी इंजिन तापायचं. तापलं की हेड मऊ पडणार. झालं, दुष्टचक्र.

पण मला सगळ्यात रोचक वाटतो तो निदानाचा घोळ. लोणी दिसलं की गॅस्केट बदला, गाडी परत द्या. थोड्या महिन्यांत गिऱ्हाईक पुन्हा दारात. कारण लायनरची वरची कड ब्लॉकच्या वर मिलिमीटरचे काही शतांश भाग उठून दिसायला हवी. ती खाली बसली असेल तर कुठलंच गॅस्केट टिकणार नाही. ती मोजणार कोण? बरं, पाणी इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधूनही गळायचं, आणि आळ यायचा हेड गॅस्केटवर. एरर का आला ते न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणारे आपण काय वेगळं करतो म्हणा!

पुढे खुंट्या पोलादी झाल्या, थर्मोस्टॅट बदलला, अनेक पदरी पोलादी गॅस्केट आलं. पण तोवर नाव गेलं होतं. २००० साली बीएमडब्ल्यूने हा पसारा अवघ्या १० पौंडांना विकला आणि एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली. ६००० च्या आसपास लोकांची नोकरी गेली. कंपनी गॅस्केटने बुडवली असं मी म्हणणार नाही, नव्या मॉडेलला पैसाच उरला नव्हता. (२००३ मध्ये त्यांनी आपली पुण्याची इंडिका 'सिटीरोव्हर' नावाने विकायला घेतली, यावरून ओळखा.) एमजी हे नाव पुढे चिनी कंपनीकडे गेलं.

असो. माझ्या गाडीकडे येतो. कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारली आणि पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना बघितली. पातळी ढिम्म. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी. मग ब्लॉक टेस्ट केली. टाकीच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या द्रवातून तिथली हवा ओढायची, जळलेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळा होतो. निळाच राहिला. शेवटी ऑइलचा नमुना लॅबला पाठवला. ही युक्ती अमेरिकन रेल्वेवाल्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी वापरात आणली. कूलंट मिसळलं असेल तर त्यातले सोडियम-पोटॅशियम ऑइलमध्ये सापडतात. माझ्या नमुन्यात पाणी होतं, कूलंट नव्हतं.

मग पाणी आलं कुठून? पेट्रोलमधूनच! लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक धुराबरोबर जातं, थोडं पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून जातं. तीन किलोमीटरमध्ये कसलं तापतंय? ते गार टोपणाला जाऊन चिकटतं.

उपाय एकच, गाडी लांब फिरवणं. रविवारी सरळ लाँगब्रिज गाठलं. कारखान्याच्या बऱ्याचशा जागेवर आता दुकानं, कॉलेज, नवी घरं आहेत. कॉफी प्यायलो, थोडा भटकलो, परत निघालो.

घरी येऊन टोपण उघडलं. कडेला ओलसर डाग तेवढा उरला होता, तो फडक्याने पुसला. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "७०० पौंड म्हणजे किती रुपये रे?"