परम सद्भावाची कुळकथा

जहाज बुडाल्यावर किंवा माल भिजल्यावर व्यापाऱ्याने केलेला दावा नामंजूर करताना विमा कंपनी जी कारणे पुढे करते, त्यांत सर्वांत भारदस्त कारण असे की, विमा घेताना महत्त्वाची गोष्ट दडविल्यामुळे परम सद्भावाचा भंग झाला, सबब मूळ करारच रद्दबातल ठरतो. या तत्त्वाचे कूळ मात्र विमेदाराच्या बाजूने लागलेल्या एका निवाड्यात आहे.

दावे टाळले जाण्याची तक्रार विम्याइतकीच जुनी. हप्ता घेताना विमा देणाऱ्या मंडळींना गोड वाटते, आणि संकट कोसळताच जो तो अंग काढून घेतो, असे प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी चौदाव्या शतकातच वैतागून लिहून गेला आहे.

त्या निवाड्याची हकीकत अशी. सुमात्रा बेटावर बेंकूलन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. परकी युरोपीय शत्रूने तो वर्षाच्या आत घेतल्यास भरपाई मिळावी, असा विमा तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याच्यासाठी लंडनमध्ये १७६० च्या मे महिन्यात उतरविण्यात आला; परंतु फ्रेंच सेनानी काउंट देस्तँ याने एप्रिलमध्येच किल्ला काबीज केला होता आणि ती बातमी अद्याप समुद्रावरच होती. जोखीम पत्करणाऱ्या चार्ल्स बोमने पैसे देण्यास साफ नकार दिला. किल्ला स्थानिक लोकांना थोपविण्यापुरताच मजबूत होता आणि फ्रेंचांचा त्यावर डोळा असल्याची कुणकुण कार्टरला होती, हे दडविले गेले, असे त्याचे म्हणणे. १७६६ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ते फेटाळले. किल्ल्याची अवस्था चौकशीअंती कळण्याजोगी होती, युद्धाचा रागरंग तर लंडनमध्ये बसलेल्यालाच अधिक ठाऊक. तेव्हा काही न विचारता हप्ता खिशात घालायचा आणि नुकसान होताच लपवाछपवीचा कांगावा करायचा, हे सद्भावात बसत नाही, आणि सद्भाव उभयपक्षी बंधनकारक आहे, असा त्या निवाड्याचा आशय होता. गंमत म्हणजे हा विमा सागरी नव्हताच!

१९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याच्या १७ व्या कलमाने उपाय सांगितला तो एकच: एकाने सद्भाव मोडल्यास दुसऱ्याने करार रद्द करावा. कागदावर दोघे समान. पण जहाज तळाला गेल्यावर करार रद्द करून विमेदाराच्या पदरात हप्त्याच्या परताव्याखेरीज पडणार ते काय? तलवार दोघांच्या हाती दिली खरी, पण विमेदाराच्या तलवारीला धारच नव्हती.

भरपाई देण्यातील दिरंगाईची तऱ्हा याहून चमत्कारिक. भरपाईची रक्कम हीच मुळी नुकसानीदाखल देय, आणि नुकसानीवर पुन्हा नुकसानी मागता येत नाही, हा तर्क पुढे करून इंग्रजी न्यायालयाने १९९२ मध्ये ‘इतालिया एक्स्प्रेस’ जहाजाच्या मालकाची विलंबाबद्दलची मागणी नाकारली. वाजवी मुदतीत पैसे देण्याचे बंधन तेथील कायद्यात आले ते ४ मे २०१७ पासूनच्या करारांना.

केवळ सद्भावभंगाच्या सबबीवर करार रद्द करण्याचा अधिकार इंग्लंडने १२ ऑगस्ट २०१६ पासून काढून टाकला. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या १९ व्या कलमात तो अजून जसाच्या तसा आहे.